समुपदेशन कक्षाला कुलूप लावणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रुग्णालयाचे व्यवस्थापन, तसेच कर्करोग शस्त्रक्रिया विभागातील सर्व डॉक्टर

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात मी फॉलोअपला आले होते. चौथं वर्ष. मॅमोग्राफी स्वच्छ, काखेत काही नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक. डॉक्टर हसले, मीही हसले. मग नेहमीसारखी तळमजल्यावर, रेडिएशनच्या खोल्यांच्या पलीकडच्या त्या छोट्या खोलीकडे गेले. दाराला कुलूप होतं. कुलपाच्या वर कागद चिकटवलेला : ‘प्रतिसादाअभावी समुपदेशन कक्ष पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’

पंचवीस वर्षं मी हिशेब तपासायचं काम करते. कागदावरच्या एखाद्या शब्दापाशी अडून बसायची खोड या कामानेच लावली. इथे मी ‘प्रतिसादाअभावी’ या शब्दापाशी अडले आहे. हे पत्र तुम्हाला टपालाने वेगळं पाठवलंच आहे. ते उघडपणेही लिहिते आहे, कारण असं कुलूप एकाच दाराला लागत नाही, आणि ज्या बायकांसाठी ती खोली होती त्यांतल्या बहुतेकींना ती खोली आहे हेच कधी कळलं नाही.

आधी माझ्याबद्दल. वयाच्या ४४ व्या वर्षी तुमच्याकडे माझा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. नंतर कीमो, रेडिएशन, आणि आता रोग उलटू नये म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. माझी जखम पाहून दुसऱ्या डॉक्टरांनीही टाक्यांचं कौतुक केलं होतं. तुमच्या हातांबद्दल माझी तक्रार नाही, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते म्हणजे पुढचं वाचताना तुमची पाठ ताठ होणार नाही.

घरी आल्यावर मी सवयीने डिस्चार्ज कार्ड तपासलं. गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. काखेतल्या किती गाठी काढल्या, त्यांतल्या कितींत रोग होता. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, बाटलीत रोज किती पाणी आलं, ते तारीखवार, मिलिलिटरमध्ये. ३० च्या खाली उतरलं तेव्हा नळी काढली. ताप, नाडी, रक्तदाब. दुखणं दहापैकी किती, तेसुद्धा दिवसातून दोनदा. फार नेटकी नोंद होती, मला आवडली. सगळ्यात खाली एक वाक्य : ‘रुग्णाची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक.’

या वाक्यामागे एकही आकडा नव्हता. आमच्या कामात अशा नोंदीला व्हाउचर नसलेली नोंद म्हणतात, आणि ती आम्ही लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवतो.

कारण ज्या दिवशी ते वाक्य लिहिलं गेलं, त्या दिवसापर्यंत मी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी राउंडला सातजण आले. पडदा अर्धाच ओढलेला. कुणीतरी ड्रेसिंग उघडलं, कुणीतरी म्हणालं ‘छान भरतंय’, मागच्या दोघा विद्यार्थ्यांना पुढे बोलावून दाखवलं. ते सगळं माझ्या अंगावर चाललं होतं आणि मी पंख्याची पाती मोजत होते. ‘तुम्हाला बघायचंय का?’ एवढं एकानेही विचारलं नाही. बघायचं नसतं तर मी नाही म्हटलं असतं. विचारलं असतं तर निदान ती जखम माझी आहे असं वाटलं असतं. शेवटी ती मी पाहिली ती घरी, न्हाणीघरात, एकटीने, दार आतून लावून. पाहिल्यावर खाली बसले. किती वेळ, ते आठवत नाही. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं तेव्हा मी नळ सोडून ‘झालंच’ म्हणाले.

मग सुरू झाली खाज. जिथे आता काहीच नव्हतं, तिथे. नसलेल्या स्तनाग्राला खाज यायची आणि खाजवायला जावं तर बोटांखाली सपाट, बधिर कातडी. मला वाटलं, डोकं फिरलं. हात किंवा पाय गेलेल्यांना तो असल्यासारखा वाटतो, तसंच स्तन काढलेल्या काही बायकांनाही वाटतं, हे जुनं आणि ठाऊक असलेलं लक्षण आहे असं मला पुढे कळलं. दंडाची आतली बाजू बधिर का झाली, तेही पुढेच कळलं : काखेतून जाणारी एक बारीक नस शस्त्रक्रियेत बहुतेकदा ताणली किंवा कापली जाते. तुम्हाला हे पाठ आहे. मला दोन वाक्यांत सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

तरी खरी घसरण त्यानंतर झाली. हे तुम्हाला सहसा दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उपचार चालू होते तोवर माझ्याकडे तारखा होत्या. या दिवशी कीमो, त्या दिवशी रक्त, रोज रेडिएशन. कुणीतरी रोज माझं नाव पुकारत होतं. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी टेबलावरून उतरले, तंत्रज्ञ म्हणाला, ‘संपलं! आता तीन महिन्यांनी या.’ घरचे आनंदात. मी मात्र त्या रात्रीपासून पहाटे तीनला जागी व्हायला लागले. पाठ दुखली की हाडात गेलं. खोकला आला की फुप्फुसात गेलं. ऑफिसात ज्या बेरजा मी डोळे मिटून करायचे त्या जुळेनात. फोन वाजला की उचलायची भीती. घरात मोठ्याने कुणी हसलं तर राग. आणि त्या तीन वाजताच्या अंधारात एक विचार रोज येऊन उशाशी बसायचा : यांनी मला उगाच वाचवलं.

हे मी कुणाला सांगणार होते? ज्यांनी वर्षभर माझ्यासाठी धावपळ केली त्यांना? की तुम्हाला, ओपीडीत, बाहेर पन्नासजण ताटकळत असताना? एकदा धीर करून ‘झोप येत नाही’ म्हणाले. उत्तर आलं, ‘होतं असं. पॉझिटिव्ह राहा.’ तेव्हापासून तो शब्द ऐकला की मला रिपोर्टच आठवतो. आमच्याकडे ‘पॉझिटिव्ह’ कधी चांगल्या बातमीला वापरत नाहीत.

ती खोली मला सापडली ती चुकून. पिण्याचं पाणी शोधत भलत्या बाजूला वळले. दार उघडं होतं, आत एक समुपदेशक ताई एकट्याच काही लिहीत बसल्या होत्या. ‘बसा ना,’ म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. ‘गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, खूण करा.’ मी नऊवर केली. त्या इमारतीत वर्षभर माझं सगळं मोजलं गेलं होतं, पण या गोष्टीचा आकडा मला पहिल्यांदाच कुणी मागत होतं. मग मी पाऊण तास रडले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता जे सांगते ते विशेषतः ‘समुपदेशन म्हणजे गप्पा’ असं मानणाऱ्यांसाठी. दुसऱ्या भेटीत ताईंनी विचारलं, झोपेसाठी काही घेता का? मी बाहेरच्या एका डॉक्टरांकडून नैराश्याची गोळी सुरू केली होती, तिचं पाकीट दाखवलं. पॅरॉक्सेटिन. त्या थबकल्या. ‘टॅमॉक्सिफेन चालू आहे हे त्यांना सांगितलंत?’ मी नव्हतं सांगितलं. मनाच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं, असं वाटलेलं. आणि तुमच्या ओपीडीत ‘आणखी कुठल्या गोळ्या घेता?’ हे कुणी विचारलं नव्हतं. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं खऱ्या अर्थाने काम करणाऱ्या रूपात रूपांतर करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही दोन्ही औषधं त्याच एन्झाइमला जोरात अडवतात; मग रक्तातलं ते कामाचं रूप घटतं. त्याचा रोग उलटण्यावर नेमका किती परिणाम होतो यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला शक्यतो दुसरं औषध द्यावं यावर फारसे नाहीत. ताईंनी चिठ्ठी दिली, दोन्ही डॉक्टरांचं बोलणं घडवलं, माझी गोळी बदलून व्हेन्लाफॅक्सिन झाली. त्याने अंगातून निघणाऱ्या वाफाही थोड्या कमी झाल्या, हा वरचा नफा.

म्हणजे माझ्या कर्करोगाच्या औषधाला लागलेली गळती ज्यांच्या ध्यानात आली, त्यांची खुर्ची तुम्ही प्रतिसादाअभावी उचललीत.

आता त्या शब्दाकडे वळते.

प्रतिसाद कमी होता, हे खरं असेल. रजिस्टरमध्ये नावं थोडी असतील. पण रजिस्टर तपासताना आम्ही आधी विचारतो, नोंद व्हायची सोय होती का? ती खोली सकाळी अकरा ते एक उघडी असायची, आणि शस्त्रक्रियेच्या फॉलोअपची ओपीडी दुपारी दोनच्या पुढे संपते. वॉर्डात, ओपीडीत, लिफ्टपाशी, कुठेही त्या खोलीची पाटी नव्हती. डिस्चार्ज कार्डावर आहार, व्यायाम, हाताची काळजी यांच्या ओळी आहेत, समुपदेशनाची नाही. माझ्या फाइलमधली पानं मी मोजली आहेत, १४३ भरली. त्यांत एकाही डॉक्टरने ‘समुपदेशनासाठी पाठवावे’ असं लिहिलेलं नाही. दुकान मागच्या गल्लीत, पाटी नाही, गिऱ्हाईक यायच्या वेळेला शटर खाली, आणि वर म्हणायचं खप नाही!

गरज किती असते, ते इतरांनी मोजलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये कर्करोगाच्या ओपीडीत येणाऱ्या २१ हजारांहून जास्त रुग्णांची मनःस्थिती पद्धतशीर तपासली गेली. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांत तीव्र नैराश्य ९ टक्क्यांच्या आसपास होतं, स्त्री-जननेंद्रियांच्या कर्करोगात ११ टक्क्यांच्या आसपास. हे फक्त तीव्र नैराश्य. चिंता, भीती, धक्क्यातून न सावरणं हे सगळं वेगळं. आणि ज्यांना असं नैराश्य होतं त्यांतल्या ७३ टक्के लोकांना त्यावर कामाचा म्हणावा असा कुठलाच उपचार मिळत नव्हता. शंभरातले त्र्याहत्तर. तुमचं रजिस्टर रिकामं का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

मला एक युक्तिवाद फार वेळा ऐकावा लागला आहे. नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, आणि एकदा तुमच्यातल्याच एका ज्येष्ठांकडून : ‘जीव वाचला ना? मग आता बाकीचं काय घेऊन बसलात?’ तर याच युक्तिवादाचा जरा इतिहास सांगते. तुम्हाला तो माहीत आहे, वाचणाऱ्या बायकांना कदाचित नसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावर जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. छाती खोल जायची, हात सुजायचा. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बाईने तक्रार केली की हेच उत्तर : जीव हवा की स्तन? अमेरिकेत तर कित्येकदा बाईला भूल देऊन टेबलावर घेत, तिथेच गाठीचा तुकडा तपासत, आणि रोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर तिने हाताने चाचपून निकाल समजून घ्यायचा. १९७४ साली रोझ कुश्नर नावाच्या पत्रकार बाईंनी हे नाकारलं. आधी तपासणी करा, मला सांगा, मग ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते मान्य करणारा सर्जन मिळेपर्यंत त्यांना कित्येकांना विचारावं लागलं. दरम्यान अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी मोठ्या चाचण्या घेतल्या. दोघांचेही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ साली आले : योग्य रुग्ण निवडली, तर नुसती गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं, दोन्हींत जगण्याचं प्रमाण सारखंच.

म्हणजे जीव हवा की स्तन, हा सवालच कित्येकींच्या बाबतीत खोटा होता. तो विचारणारे दुष्ट नव्हते. त्यांनी मोजून पाहिलं नव्हतं, इतकंच. आता मला ‘जीव हवा की मन’ असं विचारलं जातं, तेव्हा माझ्या मनात हीच ऐंशी वर्षं येतात.

माझ्या बाबतीत स्तन काढणंच गरजेचं होतं, ते मला नीट समजावलंही गेलं. ज्यांना नीट समजावलं गेलं नाही अशा दोघी मला त्या खोलीबाहेरच्या बाकावर भेटल्या.

पहिली छत्तीस वर्षांची. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढलेले. निसर्गक्रमाने पाळी जाते तेव्हा शरीर काही वर्षं घेतं. शस्त्रक्रियेत तेच काही दिवसांत होतं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तळाला जातं. घाम, वाफा, झोप उडणं, चिडचिड, कशातच रस न वाटणं. तिला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. संमतिपत्रात एक ओळ होती, ‘यानंतर पाळी येणार नाही’, आणि तिने ती चांगली बातमी समजून सही केली होती. एका संध्याकाळी तिने लेकीला थप्पड मारली, आयुष्यात पहिल्यांदा. ती मला म्हणाली, ‘ताई, मला वाटलं माझा स्वभावच सडला.’ स्वभाव! सहा महिने ती बाई स्वतःच्या स्वभावाशी भांडत होती.

दुसरीला गर्भाशयमुखाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, त्यावर रेडिएशन. रेडिएशनने योनिमार्ग आक्रसतो, कोरडा पडतो. तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची एक गुळगुळीत नळी, वापरायला शिकवतात, आणि पुढच्या तपासण्या नीट व्हायलाही त्याचा उपयोग होतो. तिला कुणी काही बोललं नाही. तिच्या नवऱ्याला मात्र कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, ‘काही महिने जपा.’ त्याने जपलं. इतकं जपलं, की दुसऱ्या खोलीत झोपायला लागला. तिला वाटलं, आपल्याला आता वास येतो म्हणून तो दूर गेला. दोन वर्षं दोघंही गप्प. तिच्या शरीराबद्दलचं वाक्य तिला सोडून दुसऱ्याला का सांगितलं गेलं, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे. आणि जी एकटी येते, जिला बाजूला घेऊन सांगायला नवरा नाही, मुलगा नाही, तिचं वाक्य कुणाला सांगता?

हे सगळं नवं ज्ञान आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली पूर्ण वेळ मनोविकार विभाग सुरू केला. ताईंनी माझ्यापुढे ठेवलेलं ते थर्मामीटर १९९८ सालचं. गंमत म्हणजे ते पहिल्यांदा वापरलं गेलं प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पुरुषांवर, कारण पुरुष मनातलं बोलत नाहीत म्हणून! बायका रडून मोकळ्या होतात, असा तुमचाही समज असेल तर तो सोडा. मी नळ सोडून रडत होते. त्या थर्मामीटरवर ४ किंवा त्याहून वर खूण झाली तर पुढे नीट चौकशी करावी असा दंडक आहे. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांच्यानंतर वेदना हे पाचवं चिन्ह मानून तुम्ही तिचा आकडा दिवसातून दोनदा घेता. मनाचा त्रास हे सहावं चिन्ह मानावं, असं कर्करोग आणि मन यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कधीच म्हणून ठेवलं आहे.

अर्थात नुसता कागद भरून घेऊन फाइलला लावणार असाल, तर तो न घेतलेलाच बरा. विचारून पुढे काही न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. मग बाई दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. आणि प्रश्न कुठले विचारता यालाही महत्त्व आहे. थकवा येतो का, भूक मंदावली का, असं कीमो घेणारीला विचाराल तर ती सगळ्यालाच हो म्हणेल. शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळून केलेली चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८३ पासून रुग्णालयांत वापरात आहे. मला ती ताईंनी दिली होती. भरायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

खर्चाचं म्हणाल, तर पुन्हा स्कॉटलंडकडेच बोट दाखवते. तिथे नैराश्य असलेल्या ५०० कर्करोग रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीची काळजी. उरलेल्यांना कर्करोग रुग्णांच्याच, पण या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरनी भेटायचं, समस्या सोडवायला शिकवायचं, गोळ्यांवर लक्ष ठेवायचं. मनोविकारतज्ज्ञ मागे देखरेखीला. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या ६२ टक्के लोकांचं नैराश्य निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं होतं, नेहमीच्या काळजीच्या गटात १७ टक्के लोकांचं. यात नवी इमारत नाही, नवं यंत्र नाही. तुमच्या वॉर्डात अशा सिस्टर आहेत. मला ड्रेन रिकामी करायला शिकवणाऱ्या सिस्टर एकदा रात्रपाळीत नुसत्या शेजारी येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात दुसरीकडची घंटी वाजली आणि त्यांना उठावं लागलं.

तर माझ्या मागण्या. लांबलचक नाहीत.

कक्ष पुन्हा सुरू करा, आणि तळमजल्यावर नको. शस्त्रक्रियेच्या ओपीडीच्या मजल्यावर, ओपीडी चालू असेल तितका वेळ. समुपदेशकाचं पद कायम ठेवा आणि त्यांच्या मदतीला वॉर्डातल्या निदान दोन सिस्टरना प्रशिक्षण द्या.

शस्त्रक्रियेआधी, घरी सोडताना, उपचार संपतील त्या दिवशी आणि पुढे वर्षभर प्रत्येक फॉलोअपला मनाच्या त्रासाचा आकडा विचारा आणि रक्तदाबाच्या शेजारच्या रकान्यात लिहा. ४ किंवा त्याहून वर असेल तर त्याच दिवशी कुणीतरी बोलावं. जगणं नको वाटतं असं जी सांगेल, तिला त्या दिवशी एकटीला घरी पाठवू नका.

पहिल्यांदा ड्रेसिंग उघडताना पडदा पूर्ण ओढा. बाईला विचारा : बघायचंय का, आत्ता की नंतर, सोबत कोण हवं. विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर तिची परवानगी घ्या.

बीजांडकोश काढणार असाल, ओटीपोटाला रेडिएशन देणार असाल, तर पुढे शरीरात, मनात आणि शरीरसंबंधात काय बदलेल ते तिला स्वतःला, तिच्या भाषेत, तोंडी आणि लेखी सांगा. नवऱ्यालाही सांगा, तिला विचारून, तिच्यासमोर.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या प्रत्येकीच्या कार्डावर ठळक लिहा, की झोपेची किंवा मनाची गोळी सुरू करण्याआधी हे कार्ड त्या डॉक्टरांना दाखवावं. एक रबरी शिक्का पुरेल.

आणि शेवटची मागणी : यातून गेलेल्या बायकांना वॉर्डात येऊ द्या. टेरीस लॅसर नावाच्या बाईंनी स्वतःचा स्तन गेल्यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत हे सुरू केलं, नुकती शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या खाटेपाशी जाऊन बसायचं. आम्ही सल्ला देणार नाही, औषध सांगणार नाही. तुम्ही घालून द्याल ते नियम पाळू. मी दर शनिवारी यायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखी पाचजणींनी होकार दिला आहे. त्या बाकावरच्या दोघीही त्यांत आहेत.

या पत्राला उत्तर द्यायला तुम्हाला वेळ लागेल, बैठक घ्यावी लागेल, हे मी समजू शकते. माझी पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. मी आधी तळमजल्यावर जाईन, दार पाहीन, आणि मग वर येऊन नंबर लावीन.

आपली,
डावी बाजू, चौथं वर्ष